"हे तर म्हशीला टोचतात तेच ना?" : सिझरनंतरच्या रक्तस्रावाची औषधं

गुंगीवाला

मागच्या आठवड्यात एक सिझर आटोपून मी खाली उतरत होतो, तर पेशंटच्या सासूबाईंनी जिन्यातच अडवलं. हातात बिल, बोट एका ओळीवर. "डॉक्टर, हे ऑक्सिटोसिन म्हणजे म्हशीला पान्ह्यासाठी टोचतात तेच ना? माझ्या सुनेला कशाला दिलं?"

प्रश्न शंभर नंबरी होता. तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं भूल देतोय, पण हे असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. जिन्यात पाच मिनिटं बोललो, समाधान माझंच झालं नाही, म्हणून हा धागा.

होय, औषध तेच. आणि सिझर झालेल्या प्रत्येक बाईला ते द्यायचंच असतं. रक्तस्राव सुरू झाला तर बघू, असं नाही. आधीच द्यायचं.

कारण असं. नवव्या महिन्यात गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की ती जिथे चिकटली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या काही टाके घालून बंद करण्यातल्या नसतात. पिशवीच्या स्नायूंचे धागे उभे-आडवे विणलेले असतात आणि वाहिन्या त्या विणीतून जातात. स्नायू आवळला की वाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. बाळंतपणानंतर पिशवी हाताला चेंडूसारखी टणक लागली की डॉक्टरांचा जीव भांड्यात पडतो. सैल कणकेसारखी लागली की पुढचा अर्धा तास कुणी कुणाशी नीट बोलत नाही. बाळंतपणानंतर अति रक्त जाण्यामागे दहातल्या सातेक वेळा हेच कारण असतं, पिशवी सैल पडणं. सिझरमध्ये वर आणखी पिशवीला घातलेला छेद असतो, त्यातून जातं ते वेगळंच.

आता माझा खरा मुद्दा. औषध कोणतं यावर सगळे बोलतात, ते किती जोरात ढकललं यावर कुणीच बोलत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा बाळ बाहेर आलं की दहा युनिट सरळ शिरेतून, एका दमात. ऑक्सिटोसिन पिशवी आवळतं, पण अंगभरच्या रक्तवाहिन्या मात्र सैल सोडतं. मणक्यात भूल दिलेल्या बाईचं बीपी आधीच खाली, त्यात हे. ब्रिटनमधल्या १९९७-९९ च्या मातामृत्यूंच्या चौकशीत दहा युनिट एकदम दिल्यानंतरच्या मृत्यूची नोंद आली आणि तिथे पाच युनिट, तेही सावकाश, असा दंडक पडला. २००४ मध्ये टोरोंटोच्या भूलतज्ज्ञांनी मोजून पाहिलं, तर कळा सुरू नसताना ठरवून केलेल्या सिझरमध्ये नव्वद टक्के बायकांना जेमतेम ०.३५ युनिट पुरत होतं! म्हणजे आम्ही पंचवीस-तीसपट देत होतो, आणि वर "या पेशंटचं बीपी का पडलं बुवा" म्हणून सलाईन सोडत होतो.

२०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं ते असं: ठरवून केलेल्या सिझरला आधी एक युनिट, कळा देऊन थकलेल्या बाईला तीन, तेही अर्ध्या मिनिटाहून कमी वेळात नाही, आणि मग सलाईनमधून हळूहळू चालू ठेवायचं. चालू ठेवायचं कारण हे औषध काही मिनिटांतच रक्तातून निम्मं होतं. एक युनिट म्हणजे पाच युनिटच्या काचेच्या कुपीतले, म्हणजे अ‍ॅम्प्यूलमधले ०.२ मिली, सिरिंजमध्ये नीट दिसतसुद्धा नाही. म्हणून मी एक अ‍ॅम्प्यूल घेऊन त्यात सलाईन घालून दहा मिली करतो आणि त्यातले दोन मिली भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत देतो. सर्जन तेवढ्यात दोनदा विचारतात, "दिलं का?" देतोय हो.

(हे वाचून कुणी कुणाच्या डोसवर वाद घालायला जाऊ नका. पिशवी सैल वाटली तर जास्त द्यावं लागतं, ते टेबलवरच ठरतं.)

---

माणदेशी_म्हैसवाला

सासूबाईंना आमच्याकडून रामराम. आमच्याकडं रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरती. सड ओढून बोटं दुखतात, थेंब येत नाही. मग टोचायचं. बाजारात बिनलेबलाच्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळायचं, वीस-तीस रुपयांत महिना निघायचा. वडील टोचायचे, खोटं कशाला बोलू. पुढं जनावर लवकर गाभण राहीना म्हणून बंद केलं. पण माणसांच्या दवाखान्यात हेच देतात हे मला आज कळलं. मधी बंदी आली होती ना यावर?

---

गुंगीवाला

@माणदेशी_म्हैसवाला, आली होती, आणि ती तुमच्या त्या बाटलीमुळेच. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली. बनवायचं फक्त कर्नाटक अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीने. म्हणजे देशभरातल्या बाळंतिणींची भिस्त एकाच कारखान्यावर. तिथे बॅच बिघडली तर? संप झाला तर? ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क ही औषधांबाबत काम करणारी संस्था आणि काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवलं गेलं.

गंमत म्हणजे दोन्ही कामं एकच. पान्हा फुटतो तो कासेतल्या दूधग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायूंनी दूध ढकलल्यामुळे, आणि पिशवी आवळते तीही स्नायूंमुळे. दोघांना हाक एकाच हार्मोनची. बाळाला अंगावर घेतलं की बाळंतिणीच्या ओटीपोटात कळ येते ती त्याचीच.

---

लेकुरवाळी

तीन वर्षांपूर्वीचं माझं सिझर. बाळाचं रडणं ऐकू आलं, मी नवऱ्याला "मुलगी का मुलगा" विचारणार, तोवर चेहऱ्यावर कुणीतरी तव्याची वाफ सोडावी तसं झालं. छातीवर दगड. हृदय कानात वाजायला लागलं. मला खात्री पटली की मी चालले. म्हटलं, "सिस्टर, मला काहीतरी होतंय." पडद्यापलीकडून उत्तर आलं, "होतं असं, घाबरू नका." बास. दोन-तीन मिनिटांनी ओसरलं.

मुलगी झालीये हे मला त्या गडबडीत दुसऱ्यांदा सांगावं लागलं म्हणे, पहिल्यांदा मी ऐकलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कळतंय की ते काय होतं.

---

गुंगीवाला

@लेकुरवाळी, वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण पडद्याअलीकडून मीही हे "होतं असं" शेकडो वेळा म्हटलंय. बहुतेक तेच असावं: चेहरा तापणं, छाती भरून येणं, धडधड, मळमळ. वेगाने दिलं की जास्त होतं. आता मी आधीच सांगतो, "बाळ बाहेर आलं की एक औषध देणार आहे, दोन मिनिटं गरम वाटेल." एवढं सांगितलं तरी बाई घाबरत नाही.

---

शंकेखोर

सगळं ठीक. पण मुळात एवढी सिझर का होतात यावर कुणी बोलणार आहे का? आधी पोट फाडायचं, मग रक्त जातंय म्हणून औषध, मग त्या औषधाचं बीपी पडतंय म्हणून तिसरं औषध. आमच्या आजीची अकरा बाळंतपणं घरी झाली. सुईण, एरंडेल आणि शेक. एकही इंजेक्शन नाही.

---

लेकुरवाळी

@शंकेखोर, माझ्या आजीची थोरली बहीण दुसऱ्या बाळंतपणात अंगावरून जाऊन गेली. घरातच. तिचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे, आणि नाव विचारलं तर आजी दोन वेगवेगळी सांगायची. अकरा बाळंतपणं झालेल्या आज्या गोष्ट सांगायला उरतात हो.

---

गुंगीवाला

@शंकेखोर, पहिल्या अर्ध्याशी सहमत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, आणि देशातल्या खाजगी दवाखान्यांत तर जवळजवळ निम्मी. यातली सगळी गरजेची होती असं मी शपथेवर सांगणार नाही. पण टेबलवर जी बाई आहे तिला "तुझं सिझर टाळता आलं असतं" म्हणून इंजेक्शन नाकारायचं का? आणि नैसर्गिक बाळंतपणातही हे द्यावं असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

---

रात्रपाळीची_सिस्टर

सर, वेगावर लिहिलंत, फ्रिजवर पण लिहा. नाहीतर मीच लिहिते.

हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. मी विदर्भातली. मे महिन्यात आमच्या ओटीबाहेरच्या (म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या) खोलीत पंखा गरम हवा फेकतो. पहिल्या नोकरीच्या ठिकाणी (नाव नको) औषधांच्या फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात ऑक्सिटोसिन, मधल्या फळीवर वॉर्डबॉयचं ताक आणि वर फ्रीझरमध्ये बर्फाचा असा डोंगर की दार लागायचं नाही. भारनियमन वेगळंच. शिवाय सकाळच्या ट्रेमध्ये चार-पाच अ‍ॅम्प्यूल काढून ठेवायची पद्धत, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. लागली नाहीत की संध्याकाळी परत फ्रिजात. दुसऱ्या दिवशी परत ट्रेमध्ये. ते अ‍ॅम्प्यूल किती उन्हाळे पाहून बाईच्या शिरेत जायचं देव जाणे. वरून बघून काही कळत नाही, पाणी ते पाणीच दिसतं.

एका रात्री तीन वाजता सिझरनंतर पिशवी आवळेना. मॅडमनी सलाईनमध्ये वाढवायला सांगितलं, वाढवलं. पुन्हा वाढवलं. काही नाही. प्रोस्टोडिन (पिशवी आवळायचं दुसरं इंजेक्शन) मागितलं तर ते बर्फात रुतलेलं. मी चमच्याच्या दांड्याने बर्फ खरवडून ते बाहेर काढलं, हात कापत होते माझे. नवीन पेटीतलं ऑक्सिटोसिन आणि प्रोस्टोडिन, दोन्ही गेल्यावर पिशवी जागी झाली. बाई वाचली. तीन बाटल्या रक्त लागलं. जुनं औषध उन्हानं मेलं होतं की पिशवीच हट्टी होती, ते कुणीच तपासलं नाही. मला विचाराल तर उन्हानं.

आता मी जिथे आहे तिथे फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे, आणि ताक ठेवणाऱ्याचं ताक मी ओतून देते.

---

माणदेशी_म्हैसवाला

सिस्टर 😂 आमच्या डेअरीत दुधाचं तापमान दिवसातनं चारदा लिहितात आणि दवाखान्यात ही गत.

---

थेम्सकाठची

लंडनला माझ्या सिझरच्या वेळी कार्बेटोसिन दिलं होतं. भूलवाल्या बाईने आधीच सांगितलं होतं की एकच इंजेक्शन, त्यानंतर वेगळं सलाईन लावायला नको. भारतात मिळतं का?

---

गुंगीवाला

@रात्रपाळीची_सिस्टर, वेगाचं मी लिहिलं पण अर्धी गोष्ट तुमचीच होती. धन्यवाद.

@थेम्सकाठची, मिळतं. ऑक्सिटोसिनचंच लांबचं भावंड, रेणूत थोडा बदल करून टिकाऊ केलेलं. शंभर मायक्रोग्रॅम, सावकाश, एकदाच. ते कितीतरी जास्त वेळ टिकतं, म्हणून सलाईनच्या थेंबांवर डोळा ठेवावा लागत नाही. अंग तापणं, बीपी पडणं यातही होतं, त्यामुळे हेही ढकलायचं नाही.

आणि सिस्टरांच्या फ्रिजला यात खरं उत्तर आहे. याचा एक उष्णता सोसणारा प्रकार काढलाय, तीस अंशांत तीन वर्षं टिकतो. २०१८ मध्ये त्याची दहा देशांत, भारतासह, जवळजवळ तीस हजार बायकांवर ऑक्सिटोसिनशी तुलना केली. ती सगळी नैसर्गिक बाळंतपणं होती. पाचशे मिलीपेक्षा जास्त रक्त जाणं थोपवण्यात तो ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडला नाही. त्या चाचणीत ऑक्सिटोसिनही काटेकोर थंडीत ठेवलेलं होतं हे लक्षात घ्या. ताकाशेजारच्या ऑक्सिटोसिनशी तुलना केली असती तर काय झालं असतं, कल्पना करा. अडचण किमतीची. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, किंमत परवडत असेल तिथे वापरा.

---

बेळगावी_कुंदा

उष्णतेचा विषय निघालाय तर आमच्या बेळगावचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. फ्रिज नाही, डॉक्टर नाही अशा ठिकाणी काय, याचं उत्तर इथल्या खेड्यांत मिळालं. मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या. बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १६२० बाळंतपणांत नर्सबाईंनी निम्म्या जणींना सहाशे मायक्रोग्रॅम तोंडाने दिलं, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. अति रक्त जाण्याचं प्रमाण शंभरात बारावरून साडेसहाच्या आत आलं. २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाईच्या खाली पसरायची खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी, रक्त किती गेलं ते मिलीत दाखवणारी, तीही याच कामातून पुढं आली. माझी आत्या तेव्हा नर्स होती, ती सांगायची, आधी आम्ही "दोन लुगडी भिजली" असं लिहायचो.

---

गुंगीवाला

@बेळगावी_कुंदा, वा! आणि लुगड्याचं हसण्यावारी नेऊ नका, ओटीत आम्ही अजून "तीन मॉप (रक्त टिपायची फडकी) भिजले" असंच म्हणतो. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो, आणि जितकं जास्त गेलेलं असतं तितका जास्त चुकतो. मॉप काट्यावर ठेवावेत, कोरड्याचं वजन वजा करावं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. गर्भजलामुळे थोडा घोळ होतो, तरी डोळ्यांपेक्षा बरं.

---

आठवा_महिना

मी इथे फारसं लिहीत नाही. पहिलं सिझर झालं तेव्हा चौदा तास कळांचं सलाईन चालू होतं, मग ऐन वेळी सिझर, आणि खूप रक्त गेलं. दोन पिशव्या चढवल्या. आता दुसरं, पुढच्या महिन्यात तारीख आहे. मला लहानपणापासून दमा आहे, पंप घेते. हिमोग्लोबिन साडेनऊ. डॉक्टरांना काय विचारू? चांगल्या आहेत त्या, पण खोलीत गेलं की माझी बोलतीच बंद होते.

---

गुंगीवाला

@आठवा_महिना, कागदावर लिहून न्या आणि कागदच त्यांच्यासमोर ठेवा. बोलायची गरज नाही.

आधी मागचं. तासन् तास ऑक्सिटोसिनचं सलाईन चालू असलं की पिशवी त्याला सरावते. दार वाजवून वाजवून घरातलं माणूस कान बंद करून बसावं तसं. मग सिझरनंतर त्याच औषधाने ती पटकन दाद देत नाही. म्हणून कळांनंतरच्या सिझरला जास्त औषध लागतं, आणि वेगळ्या जातीचं औषध लवकर काढावं लागतं. यावेळी ठरवून सिझर झालं, तर ती एक अडचण नसेल.

दमा सर्वात वर, मोठ्या अक्षरात लिहा. प्रोस्टोडिन, म्हणजे सिस्टरांनी बर्फातून काढलं ते, श्वासनलिकाही आवळतं. दम्याच्या पेशंटला ते टाळतात. मेथर्जिन नावाचं दुसरं एक आहे, ते रक्तदाब वाढलेल्यांना चालत नाही. तुमचा बीपी नीट असेल तर ते उरतं, पण हे आधी माहीत हवं. रात्री तीनला फाईल कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. भूलतज्ज्ञांनाही वेगळं सांगा, आम्ही बऱ्याचदा शेवटच्या क्षणी येतो.

मागच्या वेळी किती रक्त गेलं आणि का, ते डिस्चार्ज कार्डावर असेल तर सोबत न्या. सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यावर आहे का हे विचारा. असेल तर तो सगळा वेगळाच विषय, मोठं हॉस्पिटल लागतं. रक्त जुळवून ठेवणार का, रक्तपेढी किती लांब, हेही विचारा. आणि साडेनऊ हिमोग्लोबिन महिन्याभरात वाढवता येतं का, शिरेतून लोह देता येईल का, ते आजच फोन करून विचारा, तारखेची वाट बघू नका. ज्या बाईकडे मुळात रक्त कमी तिला थोडं गेलेलंही जड जातं.

---

शंकेखोर

माझा एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. ट्रानेक्सा म्हणून रक्त थांबवायचं औषध आहे, दात काढल्यावर मला दिलं होतं. स्वस्त आहे. मग सरसकट प्रत्येक सिझरला आधीच का देत नाहीत?

---

गुंगीवाला

@शंकेखोर, आता आलात मुद्द्यावर.

ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड पिशवी आवळत नाही, झालेली गुठळी विरघळू देत नाही. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोने १९६० च्या सुमाराला शोधलं. उताकोबाई तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतिणींना उपयोग व्हावा ही त्यांची इच्छा, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये वीस हजार बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला: रक्तस्राव होत असलेल्या बाईला बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत एक ग्रॅम दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू शंभरात १.७ वरून १.२ वर येतात. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

ते झालं उपचाराचं. आधीच देण्याचं चित्र एवढं स्वच्छ नाही. फ्रान्समध्ये साडेचार हजार सिझरवर चाचणी केली, निम्म्या जणींना दिलं; रक्ततपासणीवरून हिशेब केलेला रक्तस्राव थोडा कमी भरला, पण रक्त चढवायची वेळ काही कमी झाली नाही. अमेरिकेत अकरा हजार सिझरवर तशीच चाचणी झाली, तिथेही रक्त चढवणं किंवा मृत्यू यात ठोस फरक पडला नाही. म्हणून मी सरसकट देत नाही. धोका जास्त दिसला तर जवळ ठेवतो, रक्त वाहायला लागलं की मिनिट घालवत नाही.

शिवाय एक भीती आहे, ती आमच्याच धंद्यातली. हे अ‍ॅम्प्यूल मणक्यात द्यायच्या भुलीच्या अ‍ॅम्प्यूलसारखं दिसू शकतं. चुकून मणक्यात गेलं तर झटके येतात, माणूस जातं. असं जगात पुन्हा पुन्हा घडलंय, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसा इशाराच काढला. मी माझ्या ट्रॉलीवर ट्रानेक्सा ठेवूच देत नाही. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सिस्टरांच्या कपाटात. आणायला वीस पावलं लागतात, लागू देत.

---

आठवा_महिना

सर, कागद केला. दमा लाल पेनाने. शिरेतून लोहाचं उद्या सकाळीच बोलावलंय.

---

माणदेशी_म्हैसवाला

ताई, चांगलं होईल, काळजी करू नका. सर, ते राहिलंच, सासूबाईंना शेवटी काय सांगितलंत?

---

गुंगीवाला

हेच सगळं, थोडक्यात. म्हटलं, औषध तेच, पण मोजून, थंड ठेवलेलं, सावकाश दिलेलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे सुनेला दूध जास्त येईल?" म्हटलं, नाही, सलाईन बंद झालं की थोड्या वेळात त्याचा असर उतरतो, दुधासाठी बाळाला अंगाशी लावा. त्यांनी मान डोलावली, बिलावरचं बोट एक ओळ खाली सरकवलं आणि म्हणाल्या, "बरं. मग औषध एवढंसं, आणि ते ज्यात घातलं त्या सलाईनचे पैसे औषधाच्या चौपट कसे?"

मी बिलिंगच्या खिडकीकडे हात दाखवला आणि सटकलो.